हवा जागची हलत नाही, मग पोचतं काय?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

अकरावीला ध्वनीचा धडा आला की मी फळ्यावर एक वाक्य लिहितो: लहर पुढे जाते, माध्यम जागेवर राहतं. मुलं ते वहीत उतरवतात, पेपरात लिहितात, मार्क घेतात. मनातून मात्र कुणालाच पटलेलं नसतं. गाणाऱ्याच्या तोंडून काहीतरी निघतं, उडत येतं आणि आपल्या कानात शिरतं, असंच सगळ्यांना वाटत असतं.

तसं काही येत नाही. साधं बोलणं चालू असताना मधल्या हवेचा एकेक थर किती मागे-पुढे होतो? मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. तेवढं हलून तो परत आपल्या जागी. जाता जाता त्याने शेजारच्या थराला ढकललेलं असतं, त्याने पुढच्याला. खोलीत 25 अंश तापमान असेल तर हा धक्का सेकंदाला साधारण 346 मीटर पळतो, हवा होती तिथंच. गवयाचा श्वास त्याच्या पुढ्यातच घुटमळत असतो, शेवटच्या रांगेतला माणूस तोवर डोळे पुसायला लागलेला असतो. आणि ताकद म्हणाल तर साधं बोलताना तोंडून निघणारा ध्वनी वॅटच्या लाखाव्या भागाएवढा. त्यावर एलईडीसुद्धा लागायचा नाही.

मी पेठेतल्या भजनी मंडळात पखवाजाला बसतो. तिथं बसल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळत राहते. 'त्याचं गाणं माझ्यापर्यंत पोचलं' असं आपण म्हणतो, ते पार्सल पोचल्यासारखं. तिकडून निघालं, इकडं सही करून घेतलं. पण गेलेलं तर काहीच नाही. हलला तो माझाच पडदा, माझीच कानातली हाडं, माझ्याच नसा. समोरच्याने फक्त कसं हलायचं ते कळवलं.

माणसामाणसांत जे जुळतं त्याचंही असंच असावं असा मला संशय आहे. कुणी आपलं दुःख दुसऱ्याला देऊ शकत नाही. ऐकणाऱ्याजवळ स्वतःचं जे असतं तेच समोरच्याच्या चालीवर हलतं. ज्याच्याजवळ हलण्यासारखं काही नाही त्याच्यापुढे कितीही जीव तोडून गा.

वाजवणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी, नुसतं ऐकणाऱ्यांनीही लिहा. व्हॉट्सॲपवरचे सुविचार तेवढे नकोत.

घुमकं

सर नाद खुळा लिवलंय. मी हलगीवाला. कुस्तीच्या मैदानात, लग्नात, मिरवणुकीत वाजवतो. लहरीबिहरी आपल्याला कळत न्हाई, पण एक सांगतो. हलगी वाजवताना माझं ध्यान हलगीवर नसतंय, समोरच्याच्या पायावर असतंय. पैलवान आखाड्यात उतरला, शड्डू ठोकला, की त्याच्या चालीनं हात पडतोय. त्यो घुटमळला की आपुन घुटमळायचं. त्यो सुटला की कैताळवाल्याकडं, म्हंजी झांजवाल्याकडं, बघायचं आन सोडायचं. आता कोण कुणाला हलवतंय ते तुमीच सांगा.

विवेकी_वात्रट

धागा वाचनीय आहे, पण अशा उपमा स्वस्त असतात. भौतिकशास्त्रातली एक गोष्ट उचलायची, माणसावर चिकटवायची, की लगेच खोल वाटतं. उद्या कुणी म्हणेल चुंबकासारखं प्रेम, परवा कृष्णविवरासारखी सासू.

आणि जुळण्याचं एवढं कौतुक असेल तर 1831 सालचा मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल आठवा. सैनिक एका तालात पाय टाकत गेले, पूल झोके घ्यायला लागला, त्यांना मजा वाटून त्यांनी ताल आणखी धरला आणि पूल नदीत. तेव्हापासून पुलावर पावलं मोडून चालायचा हुकूम आला. शेकडो माणसं एका सुरात ओरडायला लागली की काय होतं हे सांगायला भौतिकशास्त्र नको, इतिहास पुरे.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

वात्रटराव, जुळणं चांगलंच असतं असं मी कुठं लिहिलंय? पूल पडला तो त्याच्या स्वतःच्या झोक्याच्या वेळेला धक्के बसले म्हणून. त्याच पुलावरून तेवढेच सैनिक गप्पा मारत गेले असते तर पडला नसता. म्हणजे पुलाला स्वतःची एक चाल होती. मला तेवढंच म्हणायचंय.

सासूचं तुमचं तुम्ही बघा.

जवारी

माझं माहेर मिरजेचं, आता कोल्हापुरात राजारामपुरीत असते. शास्त्रीय शिकते, हळूहळू. सरांनी लिहिलंय ते तंबोऱ्यावर डोळ्यांनी बघता येतं. दोन तंबोरे एकाच सुरात लावून समोरासमोर ठेवायचे. एकाच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी एका तारेवर कागदाचा बारीक कपटा घडी घालून बसवायचा आणि दुसऱ्याचा जोड छेडायचा. हात न लावता कपटा थरथरतो, कधी उडून पडतो. सूर जरासा उतरवा, कपटा ढिम्म. आणि त्या मुक्या तारेवर बोट टेकवलंत तर सूर कितीही नेमका असू दे, काही होत नाही. तार ताणलेली पाहिजे, आणि मोकळीही पाहिजे.

आमच्याकडे तंबोरे करणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यांत हात घातला आणि पुढे अख्खी गल्ली त्यात गेली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. पण जवारी काढणं म्हणजे काय ते बातमीत नसतं. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते. मध्ये सुताचा दोरा सरकवायचा, केसभर इकडे-तिकडे, की एकदम तंबोरा उघडतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलंय. तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले वरचे सूर निघतात, ते उपस्वर. साध्या तारेला जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर वाजायलाच नको, असा नियम. तंबोऱ्यात तोही वाजतो, कारण ती घोडी. नियमाने गप्प बसायला हवेत ते स्वरही तिथं बोलतात.

म्हणून खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेत कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा तो पाचवा उपस्वर. नव्याने शिकणाऱ्याला तो आधी ऐकू येत नाही. नंतर एकदा यायला लागला की थांबत नाही. सा 240 धरला तर हा गंधार मधल्या सप्तकात 300 ला येतो, आणि पेटीचा गंधार असतो 302.4 च्या आसपास, कारण पेटीचे बारा स्वर समान अंतरावर कापलेले. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीवर बंदी घातली होती त्याला हेही एक कारण सांगतात. आमचे पेटीवाले काका हा धागा वाचत नसावेत.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

ताई, सुरेख. पखवाजाचं मी सांगतो. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे उपस्वर एकमेकांशी फटकून असतात, म्हणून हलगीला 'सा' लावता येत नाही. मध्ये शाई, म्हणजे तो काळा लेप, भरली की मधला भाग जड होतो आणि ते फटकून असलेले स्वर पटीत येऊन बसतात. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये हेच मांडलं. डाव्या पुडीला आम्ही कणीक लावतो तीही वजनासाठीच. जास्त लावली की आवाज खाली जातो, वाळायला लागली की वर चढतो. भजन रात्रभर चाललं तर मध्येच कणकेला पाण्याचं बोट लावावं लागतं.

घुमकं

सर, हलगीला सा नसला तरी चढ-उतार असतोय की. पावसाळ्यात कातडं गार पडतंय, हलगी बसतीया, भद भद वाजती. मग रस्त्याकडंला पेपर जाळायचा आन शेकायचं. शेकली की कडाडती. गणपतीत निम्मा येळ शेकण्यातच जातोय.

सकारात्मक_स्पंदने

खूप छान माहिती. 432 हर्ट्झ ही विश्वाची नैसर्गिक कंपनसंख्या आहे, हे मात्र कुणीच लिहिलं नाही. 440 ही मुद्दाम लादलेली कंपनसंख्या आहे, त्यामुळे माणसं एकमेकांपासून तुटतात. आपले पूर्वज 432 वरच गात. रोज 20 मिनिटे ऐकून बघा, नाती सुधारतात.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. सेकंद हा माणसाने ठरवला, दिवसाचे 86,400 भाग करून. दिवसाचे लाख भाग केले असते तर तुमच्या 432 चे 373 झाले असते. विश्वाला आपला सेकंद माहीत नाही. 440 हे 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं, वाद्यमेळातल्या सगळ्यांनी एका जागी यावं म्हणून, आणि तेही पाश्चात्त्य सुरावटीतल्या एका स्वराचं.

आपल्याकडे तर ठरलेला सा नाहीच. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी पाच. गवयाचा गळा जिथं मोकळा होतो तिथं सा, आणि बाकी सगळं जग, म्हणजे तंबोरा, तबला, सारंगी, त्याच्याकडे जातं. सगळ्यांनी एकच आकडा धरायचा ही कल्पना आपल्या गाण्यातच बसत नाही. पूर्वजांना कशाला मध्ये आणता?

विवेकी_वात्रट

या प्रतिसादासाठी धागाकर्त्याला माझ्याकडून एक मिसळ. कट वेगळा.

दुबईचा_कोल्हापूरकर

लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने व्हिडिओ कॉलवर एकादशीचं भजन करायचं ठरवलं, मीही इकडून बसलो. सगळे एकत्र म्हणायला लागले आणि जो काही गोंधळ झाला! जो तो दुसऱ्यासाठी थांबतो, म्हणून लय पडत जाते. पडत पडत अभंग इतका संथ झाला की बुवा चिडून म्हणाले, हे भजन आहे का प्रेतयात्रा. दुसरं म्हणजे कुणी तंबोऱ्याचं ॲप लावलं की आवाज गायब. सतत एकसारखा चालणारा आवाज पंख्याचा समजून ते सॉफ्टवेअर पुसून टाकतं, हे नंतर कळलं. म्हणजे ज्याच्या आधारावर सगळं उभं, तेच कचरा म्हणून बाहेर.

नंतर एकेकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी माईक बंद करून बसायचं असं ठरलं. ते जमलं. पण मग ते भजन राहिलं नाही, कार्यक्रम झाला. गंमत अशी की बोलताना कुणालाच अडचण नव्हती. तासन्‌तास गप्पा व्हायच्या.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

याचा हिशोब मांडता येतो. समोरासमोर 10 मीटरवर बसलो तर आवाजाला 29 मिलिसेकंद लागतात. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण तेवढा उशीर सोसतो, त्यापुढे लय डळमळायला लागते. व्हिडिओ कॉलवर दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. 200 धरा. तेवढ्या वेळात आवाज हवेतून 69 मीटर जातो. म्हणजे पडद्यावर एकमेकांची नाकं दिसत असली तरी लयीच्या हिशोबाने टाळकरी एका गोलपोस्टजवळ आणि बुवा मैदानाच्या पार निम्म्यापलीकडे. तिथून अभंग म्हणून बघा.

बोलण्यात आपण पाळीपाळीने बोलतो म्हणून चालतं. एकाच वेळी बोलायचं असेल तर मात्र शरीरं जवळच लागतात. टाळ धरून गोलात बसण्याची आपली पद्धत कुणी सेकंद मोजून ठरवली नसणार, पण बसते बरोबर त्याच मापात.

जवारी

एकत्र गाताना गायकांच्या हृदयाचे ठोकेही एकत्र वर-खाली होतात असं स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं होतं. वाचून मला आधी फार भारून गेल्यासारखं झालं, मग कारण वाचलं. ओळ एक असेल तर श्वास एका जागी घ्यावा लागतो, आणि श्वासाबरोबर ठोके बदलतात. एवढंच. पण 'एवढंच' लिहिल्यावर वाटलं की हे कमी आहे का? ओळखदेख नसलेल्या माणसांचा श्वास एका जागी आणणारं आपल्या रोजच्या जगण्यात दुसरं काय आहे?

डॉल्बीप्रेमी_भावड्या

आहे की. डॉल्बी! महाद्वार रोडवर विसर्जनाला या, हजारो माणसांचा श्वास, ठोका, पाय सगळं एका जागी. छातीत बसतंय. तुमच्या तंबोऱ्यानं छातीत बसतंय का?

महाद्वार_रोडवरची_काकू

बाळ, तुझं छातीत बसतं, माझ्या सासऱ्यांचं छातीत दुखतं. खिडकीच्या काचा, मांडणीवरची भांडी, देवघरातली घंटासुद्धा वाजते. कानात कापूस घालून उपयोग होत नाही, कारण ते कानातून येतच नाही.

डॉल्बीप्रेमी_भावड्या

काकू वर्षातून एक दिवस.

महाद्वार_रोडवरची_काकू

आगमन, सराव, वाढदिवस, नेत्याची निवड, नेत्याचा वाढदिवस, क्लब जिंकला, क्लब हरला. मोज.

विवेकी_वात्रट

काकूंना पूर्ण पाठिंबा. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांत आहे. आणि डेसिबल म्हणजे रुपये नव्हेत. 10 ने वाढले की ऊर्जा दहापट. 55 च्या जागी 105 म्हणजे दुप्पटसुद्धा नाही असं वाटतं, प्रत्यक्षात लाखपट.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

काकूंच्या घंटेचं कारण: 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 7 मीटर. एवढी लांब लहर भिंतीला, कापसाला जुमानत नाही, वळसा घालून येते. 3000 हर्ट्झची असते 11-12 सेंटिमीटर, तिला खांब पुरतो. म्हणून दगडी खांबामागे बसल्यावर मृदंगाचा डावा ऐकू येतो आणि अभंगाचे शब्द मात्र बोबडे होतात, कारण स-श-त-क ही सगळी वरच्या कंपनांची. आणि अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंनी इमारती असल्या की आवाजाला पसरायला जागा नसते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. महाद्वार रोडवर तेवढे होत नाहीत.

डॉल्बीप्रेमी_भावड्या

सर तुमचा पखवाज पण माईकवर असतोय हां.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

असतो. आणि माईकवाल्याशी दर वेळी भांडण होतं.

घुमकं

भावड्या, राग मानू नको. डॉल्बीपुढं मीबी नाचलोय. पण एक बघ. डॉल्बी तुझ्याकडं बघत न्हाई. तू दमलास तरी त्येच, पडलास तरी त्येच, लेकरू घुसलं तरी त्येच. हलगीवाला बघतोय. म्हातारं माणूस नाचाय आलं की आम्ही चाल बदलतोय, कुणी सांगाय लागत न्हाई. मग त्ये म्हातारं खुश हुन पंचवीस वर्षांचं हुतंय आन आमालाच पळवतंय. छातीत बसणं येगळं. म्या सरांना वर इचारलं ना, कोण कुणाला हलवतंय. डॉल्बीत त्यो सवालच येत न्हाई.

विवेकी_वात्रट

हे मान्य. धागाकर्त्याच्या पहिल्या पोस्टपेक्षा हे जास्त नेमकं आहे. पहिल्या पोस्टमध्ये एक गाणारा आणि एक ऐकणारा होता. इथं दोघेही ऐकतायत.

संपादक

डॉल्बीच्या बाजूने आणि विरोधात स्वतंत्र धागा आहे, आधीच तीन पानांचा. पुढचं तिकडं.

जुना_नाट्यवेडा

ऐकणाराही हलवतो याचा आणखी एक पुरावा. केशवराव भोसले नाट्यगृह (जुन्या लोकांचं पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं) 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, तेव्हा खासबागेजवळ जमलेल्या गर्दीत मी होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. पण तिथं हौशी नाटकं केलेला कुणीही सांगेल: दुपारच्या तालमीला रिकाम्या थिएटरात आवाज घुमायचा, वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्यावर पडायचं. रात्री हाऊसफुल्ल झालं की तोच आवाज स्वच्छ. नवखी पोरं म्हणायची, प्रयोगाला अंगात येतं.

अंगात काही येत नाही. हार्वर्डच्या वॉलेस सबाइन या प्राध्यापकाने 1895 पासून यावर रात्री जागून काढल्या. एका व्याख्यानाच्या हॉलमध्ये बोललेलं कळायचंच नाही, म्हणून दुसऱ्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणायच्या, मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत परत. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात: हॉल जेवढा मोठा तेवढं घुमणं जास्त, शोषून घेणारं जेवढं जास्त तेवढं घुमणं कमी. गाद्या, पडदे आणि माणसं. प्रेक्षक नुसते बघत नसतात, ते आवाज पीत असतात. नटाच्या वाक्याला धार त्यांच्या अंगावरच्या कपड्यांनी येते.

अकरावी_ब

सर मी तुमच्याच वर्गात आहे, नाव सांगणार नाही. प्रश्न: पिऊन झाल्यावर त्याचं काय होतं? म्हणजे गाणं संपल्यावर जातं कुठं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

वर्गात का नाही विचारलंस?

उष्णता होते. भिंती, सतरंज्या, शर्ट, कातडी यांत ती हालचाल जिरते आणि ती जागा कणभर गरम होते. कुठल्याही थर्मामीटरवर दिसणार नाही इतकी. अख्ख्या रात्रीच्या गाण्यातून चहाचा कप कोमट व्हायचा नाही.

अकरावी_ब

वर्गात सगळे हसतात.

मग दुसरा प्रश्न. केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो' व्हॉयेजर यानावर आहे ना, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर. केसरबाई म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे. व्हॉयेजर-1 सुटलं 5 सप्टेंबर 1977 ला, बाई गेल्या 16 सप्टेंबरला. पण तिकडं हवाच नाही. मग ते गाणं आहे की नाही?

विवेकी_वात्रट

या मुलीला पैकीच्या पैकी द्या. धागाकर्त्याचं म्हणणं खरं असेल तर तिथं तांब्याच्या तबकडीवर खोबणी आहे, गाणं नाही.

जवारी

केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे शिकायला होत्या, तेव्हा त्या आठेक वर्षांच्या. त्यानंतर अल्लादिया खाँकडे तालीम मिळायला किती खटपट करावी लागली, हे गोष्टीवेल्हाळ लोकांना विचारा. तबकडीवरचं साडेतीन मिनिटांचं गाणं ऐकून बाईंची मैफल कळत नाही असं जुने ऐकणारे म्हणायचे. समोर कोण बसलंय ते बघून त्या गात. समोर कुणी नसताना...

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

खोबणी आहे हे बरोबर. यानाशी आपला रेडिओने संवाद चालतो, त्याला एका बाजूने 23 तासांहून जास्त लागतात. त्यामुळे दुबईकरांच्या भजनात व्हॉयेजरला घेता येणार नाही.

पण खोबणीत चाल शाबूत आहे. कशी हलायची हवा, ते. कुणाला सापडली, त्याने ती फिरवली, त्याच्याभोवती कसली तरी हवा असली आणि हलण्यासारखं काहीतरी अंग असलं, तर तिथं भैरवी होईल. त्यांच्या अंगाची, आपल्या नव्हे. आपल्याला जो विरह ऐकू येतो तो त्यांना येईल असं समजायचं कारण नाही. तबकडी पाठवणाऱ्यांनाही हे ठाऊक असणार. तरी पाठवली.

बोटांची_भाषा

उशिरा लिहिते आहे. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. धागा वाचताना एक खटकत राहिलं. सगळी चर्चा कानाभोवती आहे, आणि 'ज्याच्याजवळ हलण्यासारखं काही नाही' हे वाक्य तर जास्तच.

आमच्या मुलांच्या हातात फुगा देतो आणि ढोलकी वाजवतो. फुगवलेल्या रबरावर तळवे टेकले की ठेका कळतो. लाकडी बाकावर उलटी थाप मारली तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मुलगी वळून बघते. त्वचेला साधारण 250 हर्ट्झच्या आसपासची कंपनं सगळ्यांत चांगली कळतात आणि हजाराच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे बासरी आमच्या उपयोगाची नाही. डग्गा, ढोल, पखवाजाचा डावा, हे आमचं. मुलं ठेका धरतात, चुकलं तर एकमेकांना डोळ्यांनी सांगतात. एक मुलगा मुद्दाम ठेका मोडतो आणि बाकीची चिडली की खूश होतो. याला तुम्ही काय म्हणाल?

भावड्यांनाही सांगते: आमच्या मोठ्या मुलांना डॉल्बी आवडतो. फार आवडतो. त्यांच्यासाठी वर्षातला तो एकच दिवस असा असतो की रस्त्यावर सगळ्यांना जे कळतंय ते त्यांनाही कळतं. काकूंचं दुखणं खरं आहे, हेही खरं आहे.

डॉल्बीप्रेमी_भावड्या

ताई 🙏

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मॅडम, ते वाक्य पुन्हा वाचलं. कान असं त्यात नाही, पण मनात कानच होता. काढत नाही, तुमच्या प्रतिसादाजवळ तसंच राहू दे.

ठेका मोडणाऱ्या मुलाबद्दल विचार करतोय. जवारीताईंनी जोड लावण्याचं लिहिलेलं नाही, मी लिहितो. दोन तारा जवळजवळ जुळल्या, एक 138 वर आणि दुसरी 139 वर, की आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. तेवढ्या हेलकाव्यावरूनच कळतं कुठली तार किती फिरवायची. पूर्ण जुळल्यावर हेलकावा जातो, आणि मग दोन तारा वाजतायत की एक, ते कळायला मार्ग राहत नाही. तुमचा तो मुलगा बहुतेक आपण वेगळे वाजतोय हे बाकीच्यांना कळवत असावा.

विवेकी_वात्रट

किंवा व्रात्य असावा.

बोटांची_भाषा

दोन्ही आहे.

घुमकं

ताई, तुमच्या पोरांस्नी घिऊन या आमच्या तालमीत. हलगी, घुमकं, कैताळ सगळं हाय. हातात देतो, वाजवू द्या. घुमक्याला पोट टेकवून उभारलं की आरपार जातंय. दुपारचं या, सांजचं पैलवान पोरं जोर मारत असत्यात.

बोटांची_भाषा

खरंच येऊ? मुलं पंधराएक असतील, जास्त नाही.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मी पखवाज घेऊन येतो. कणीक तिथं कुणीतरी भिजवून ठेवा, घट्ट नको.

अकरावी_ब

सर मी पण येऊ का? इथं तरी कोण हसणार नाही.

बोटांची_भाषा

ये की. घुमकंदादा, एक आधीच सांगते. ज्यांच्या कानाला यंत्र आहे त्यांना कडाडणारी हलगी जवळून सोसत नाही, यंत्रात आवाज फाटतो. त्यांना घुमक्याकडे बसवू, आणि हलगी थोडी कमी शेका.

घुमकं

चालतंय की. शेकतच न्हाई.